ब्रेकवरचा पाय

शेवटच्या क्षणी डॅमोचा पाय ब्रेकवर होता की ॲक्सिलरेटरवर?

डॅमोच्या धाकट्या भावानं, योश्कोनं, हा प्रश्न भेटेल त्याला विचारला. पोलीस सार्जंटनं टोपी काढली, टोपीच्या आत पाहिलं आणि पुन्हा डोक्यावर घातली. इस्पितळातला डॉक्टर म्हणाला, "आता त्यानं काय फरक पडतो, पोरा?" चर्चमधल्या फादरनं वर छताकडे बोट दाखवलं.

फरक पडत होता, कारण डॅमोच्या शेजारच्या सीटवर लिओनी होती. दोघांचं लग्न ठरलं होतं. आणि ऑस्ट्रेलियातल्या खाणींचं हे गाव, सगळी कालगुर्ली, एकच गोष्ट बोलत होती, की गाडीत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, डॅमोचं डोकं फिरलं आणि त्यानं नवी कोरी गाडी मेन्झीज गावाकडे जाणाऱ्या सरळसोट रस्त्यावर समोरून येणाऱ्या तीन डब्यांच्या ट्रकवर नेऊन घातली. रस्त्यावर मागच्या चाकांच्या लांबच लांब काळ्या रेघा उमटल्या होत्या. लोक रेघांकडे बोट दाखवून म्हणत, बघा, चाकं पेटवत गेला. पोरीला घेऊन गेला.

लिओनीच्या घरच्यांनी तिला दफनभूमीच्या दुसऱ्या टोकाला पुरलं. तिच्या बोटातली अंगठी काढून तिच्या भावानं ती डॅमोच्या शवपेटीवर भिरकावली. पेटीच्या लाकडावर अंगठी वाजली आणि खड्ड्यात पडली. योश्को त्याच्या अंगावर धावून गेला, तेव्हा त्याच भावानं ठोसा मारून त्याचा पुढचा दात पाडला. योश्कोच्या घराच्या फाटकावर कुणीतरी लाल रंगानं 'खुनी' लिहून गेलं. योश्कोनं ते पुसलं. ते पुन्हा लिहिलं गेलं. मग त्यानं फाटकच उखडून अंगणात फेकून दिलं. योश्को एकोणीस वर्षांचा होता. शाळा त्यानं अर्ध्यात सोडली होती आणि टायरच्या दुकानात चाकं बदलायचा. शब्दांनी भांडायला त्याला कधी जमलंच नाही.

काही आठवड्यांनी एका सकाळी त्याची आई म्हणाली, "डॅमोच्या किल्लीला संत निकोलाचं पदक होतं. तुझ्या आजोबांचं. पोलिसांनी किल्ली दिली, तिला पदक नाही. गाडीत पडलं असेल. जा, शोधून आण."

पोलिसांनी दिलेली किल्ली योश्कोच्या खिशातच असायची. तिच्या डोक्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. पोलिसांनीच खूण म्हणून लावली असेल, असं त्याला वाटलं होतं. त्यानं ती खिशात चाचपली आणि तो निघाला.

डॅमोची मोडलेली गाडी गावाच्या उत्तर टोकाला नेव मेकॅनिकच्या गॅरेजमागच्या आवारात पडली होती. अपघाताच्या गाड्या नेवच ओढून आणायचा. पण त्याचा खरा धंदा इंजिनं जुळवण्याचा. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये जमिनीत दोन लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची मागची चाकं रोलरवर चढवायची, गाडी चारी बाजूंनी पट्ट्यांनी जमिनीला आवळायची आणि जागच्या जागी हवी तेवढी पळवायची.

योश्को पोचला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. ऊन पांढरं पडलं होतं, पण पश्चिमेकडे आभाळाच्या बुडाशी एक तांबडी भिंत उभी राहिली होती. धुळीचं वादळ होतं ते. वारा अजून पोचला नव्हता. गॅरेजसमोरच्या झाडावरचे कावळे मात्र गप्प बसले होते.

शेडमध्ये रोलरवर डूगीची गाडी आवळलेली होती. डूगी म्हणजे डॅमोचा जिवलग दोस्त. दोघं एकाच खाणीत खाली उतरायचे. दोघांनी एकाच महिन्यात एकाच बनावटीच्या दोन गाड्या घेतल्या होत्या. डॅमोची नारिंगी होती आणि डूगीची पांढरी. ती पांढरी गाडी पाहून योश्को दारातच थबकला. रंग सोडला तर तीच ती.

"ये रे," सॉसेज रोल चावत नेव म्हणाला. साठीचा, ढेरपोट्या, कानावर पेन्सिल. "दात कुठाय तुझा?"

"स्मशानात विसरलो."

"पोरी आता लांबूनच ओळखतील." नेवनं हसून त्याच्या पाठीत एक चापट मारली आणि हात क्षणभर तिथेच ठेवला.

डूगी भिंतीला टेकून उभा होता. बुटका, रुंद खांद्यांचा. एरवी तो योश्कोला मिठी मारायचा. आज त्यानं नुसती मान हलवली. त्याचा उजवा हात खिशात होता आणि तो त्यानं बाहेर काढला नाही.

"हिला काय झालंय?" योश्कोनं विचारलं.

"भूत शिरलंय," नेव म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... मला काही कळत नाही. स्टिअरिंगखाली वायर लावली, लॅपटॉपवर वाचलं. कॉम्प्युटर म्हणतो, इंजिनात दोष नाही. पण डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा विझत नाही, आणि गाडी मनाला येईल ते करते. हे बघ."

डूगीनं दिलेल्या जादा किल्लीनं त्यानं गाडी चालू केली, थोडा वेळ गुरगुरू दिली आणि बंद केली. बंद होण्याआधी इंजिन आपोआप दोनदा गरजलं. व्रूम... व्रूम. मग शांत.

योश्कोच्या मानेवरचे केस उभे राहिले. डॅमो घरी आला की फाटकात असंच करायचा. दोनदा गरजवायचा आणि मग बंद. आई तो आवाज ऐकून कॉफीचं भांडं चुलीवर ठेवायची.

"तू पाय दिलास?"

"माझे पाय हे बघ." नेवचे दोन्ही पाय गाडीच्या बाहेर होते. "आणि पाय दिला तरी काय? पूर्वी पायापासून इंजिनापर्यंत तार होती. आता तू पाय दाबतोस म्हणजे कॉम्प्युटरला फक्त विनंती करतोस. ऐकायचं की नाही, ते त्याचं तो ठरवतो."

तेवढ्यात ड्रायव्हरची सीट हलली. बारीक घूं आवाज करत ती मागे सरकली, पार मागे. डूगीचे पाय तिथून पेडलला पोचलेच नसते. डॅमो मात्र सव्वासहा फुटांचा होता.

आणि मग टिंग... टिंग... टिंग वाजायला लागलं.

"हे पण," नेव हळू आवाजात म्हणाला. "शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि पट्टा लावला नाहीये, असं म्हणते. सीट रिकामी आहे. मी खालची वायर तपासली. ठीक आहे. आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचा सीटशी काय संबंध? काही नाही. तेच तर मला..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

उघड्या दारातून एक वास आला. नव्या चामड्याचा, आणि त्याखाली दुसरा, ताजा, आंबटगोड. संत्र्याच्या सालीचा. लिओनी गाडीत बसली की संत्रं सोलायची आणि साली दाराच्या खणात कोंबायची. डॅमो ओरडायचा. ती एक फोड त्याच्या तोंडात कोंबायची आणि तो गप्प व्हायचा.

"संत्रं कुणी खाल्लं?" योश्कोनं विचारलं.

"कुणी नाही..." नेव म्हणाला.

भिंतीपासून डूगी ओरडला, "मी विकून टाकतोय ती! तू नुसता दिवा विझव, नेव. बाकीच्या उचापती कशाला?"

"दोष न शोधता दिवा विझवायचा? ते काम मी करत नाही, बाबा." नेवनं हात पुसले. "एकच उपाय उरला. अदलाबदल. मागे डॅमोची गाडी पडलीय. तिचा कॉम्प्युटर डॅशखाली आहे, तो भाग चेंगरलेला नाही. तो काढून हिच्यात लावू. खोड गेली तर दोष हिच्या डब्यात. राहिली तर दुसरीकडे."

गॅरेजात सगळे असंच करत. पुस्तकात बघण्यापेक्षा शेजारच्या गाडीचा सुटा भाग काढून लावायचा आणि दोष कुणाबरोबर जातो ते पाहायचं.

डूगी भिंतीपासून सुटला. "त्या गाडीला हात लावायचा नाही! लाज नाही वाटत? माणसं मेलीत तिच्यात!"

"माझी माणसं मेलीत," योश्को म्हणाला. "मी काढतो."

"योश, नको. ऐक माझं... नको."

पण योश्कोला नको म्हटलं की तो निघालेला असायचा. पाना घेऊन तो मागच्या दारातून बाहेर पडला आणि त्याच वेळी वादळ आवारावर कोसळलं.

दिवस विझला. आधी सगळं नारिंगी झालं, मग तांबडं, मग सुकलेल्या रक्तासारखं तपकिरी. भर दुपारी हाताचा पंजा दिसेना. धूळ दातांत करकरत होती, पडलेल्या दाताच्या भोकात शिरत होती. पत्रे धडधडत होते. तो चाचपडत मोडक्या गाड्यांमधून गेला आणि त्याच्या हाताला ओळखीचा दरवाजा लागला.

पुढचा भाग नव्हताच. छत सीटपर्यंत दबलं होतं. स्टिअरिंग ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीत घुसलेलं होतं. तिथे माणूस होता, तिथूनच ते गेलं होतं. योश्को शेजारच्या बाजूनं पोटावर सरपटत आत शिरला. काचांचे दाणे कोपरांत रुतले. पायाखालचा गालिचा रक्त सुकून कडक झाला होता. दाराच्या खणात संत्र्याच्या साली वाळून काळ्या पडल्या होत्या. पदक कुठेच नव्हतं.

त्यानं डॅशखाली हात घातला. बोटांना कॉम्प्युटरचा डबा लागला आणि त्यानं झटकन हात मागे घेतला.

डबा गरम होता.

गाडी कित्येक आठवडे इथे मेलेली पडली होती. तिला बॅटरी नव्हती, इंजिन नव्हतं. आणि डबा गरम होता, नुकताच पळून आलेल्या गाडीसारखा. त्यानं बाही हातावर ओढली, बोल्ट सोडवले, वायरी उपटल्या. डबा छातीशी धरून तो मागे सरपटला. वाऱ्याच्या आवाजात त्याला अगदी कानाजवळ कुणीतरी दात आवळून श्वास घेतल्यासारखं वाटलं. जोर लावताना माणूस घेतो तसा.

शेडमध्ये नेवनं दिवे लावले होते. योश्कोनं डबा टेबलावर ठेवला आणि त्यावरची धूळ तळव्यानं पुसली.

डब्याला निळी चिकटपट्टी होती.

खाणीत प्रत्येक जण आपल्या हत्यारांना आपल्या रंगाची पट्टी गुंडाळतो, म्हणजे गोंधळ होत नाही. डॅमोचा रंग लाल. घरातला प्रत्येक पाना, प्रत्येक डबा, न्याहारीचा थर्मास, सगळं लाल. निळा रंग कुणाचा होता, ते योश्कोला ठाऊक होतं. नेवलाही होतं.

योश्कोनं खिशातून पोलिसांनी दिलेली किल्ली काढून डब्याशेजारी ठेवली. निळ्याशेजारी निळी.

"डूगी," तो म्हणाला. "हात खिशातून काढ."

"योश..."

"काढ!"

डूगी मागच्या दाराकडे पळाला. योश्कोनं त्याला वाटेतच गाठलं आणि कपाळ त्याच्या नाकावर हाणलं. काहीतरी मोडल्याचा ओला आवाज आला. दोघं कोसळले. योश्को त्याच्या छातीवर बसून मारत राहिला. दात, डोळा, कान, हाताला जे लागेल त्यावर. नेवनं मागून काखेत हात घालून त्याला ओढलं, तोवर डूगीची मूठ उघडली होती. फरशीवर एक किल्ली पडली होती. तिला लाल पट्टी होती आणि संत निकोलाचं झिजलेलं पदक.

"बोल," नेव म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

डूगी रक्त थुंकला. "दोष माझ्या गाडीत होता. मधेच सुटायची... पाय काढला तरी पळायची. डॅमो म्हणाला, तुझा डबा माझ्यात टाकून बघू, दोष डब्याबरोबर येतो का. माझ्या अंगणात अदलाबदल केली. डब्याबरोबर किल्ल्या बदलाव्या लागतात, त्या बदलल्या. आठवडाभर त्याला काहीच झालं नाही. रविवारी परत बदलणार होतो. आणि शनिवारी ते दोघं..."

"आणि पोलीस आले तेव्हा?"

"घाबरलो मी! माझा डबा, माझा दोष... मला आत टाकलं असतं."

"त्यांचं भांडण झालं होतं, हे गावात कुणी सांगितलं?"

डूगीनं डोळे मिटले.

"माझा दात पडला तेव्हा तू शेजारी उभा होतास," योश्को म्हणाला. "रुमाल तूच दिलास."

"हो."

नेवनं लाल पट्टीची किल्ली उचलून टेबलावर ठेवली. बाहेर वारा पत्र्यांना ओरबाडत होता. मग तो म्हणाला, "सार्जंटला फोन करतो. पण दोष दाखवता आला पाहिजे, नाहीतर नुसत्या पट्टीला कोण विचारतो? डबा हिच्यात लावतो. पट्टे आवळलेले आहेत, गाडी कुठे जात नाही. दोष दिसला की चित्रण करतो."

लाल पट्टीचा डबा निघाला, निळा बसला. योश्को ड्रायव्हरच्या सीटवर बसला. सीट पार मागे होती, त्याचे पाय जेमतेम पेडलला टेकत होते. त्यानं निळी किल्ली फिरवली. इंजिन लागलं आणि शांतपणे गुरगुरू लागलं. नेवनं फोन समोर धरला. त्यानं सांगितल्यावर योश्कोनं गिअर टाकला. मागे रोलर संथ फिरू लागले.

टिंग... टिंग... टिंग.

संत्र्याचा वास आता नाकात जात नव्हता, घशात उतरत होता.

"पाय दोन्ही खाली ठेव," नेव म्हणाला. "कशालाच लावू नको."

योश्कोनं पाय गाडीच्या तळावर सपाट ठेवले. आणि गाडी सुटली.

एवढा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. वेगाचा काटा एका झटक्यात पार पलीकडे गेला. रोलर किंचाळले, पट्टे तारेसारखे ताठ झाले, सबंध शेड थरथरू लागली. योश्कोनं खाली पाहिलं. ॲक्सिलरेटर वरच होता, त्याला कुणी शिवलंही नव्हतं.

ब्रेक खाली जात होता.

आपोआप. आधी निम्मा, मग पार खाली, पुन्हा वर येऊन पुन्हा खाली. कुणीतरी लाथा माराव्यात तसा. मग तो तळाशी जाऊन तिथेच थरथरत राहिला, जणू सव्वासहा फुटांच्या माणसानं सगळं वजन त्याच्यावर टाकलं होतं. गाडी थांबत नव्हती. मागच्या चाकांतून धूर येत होता, ब्रेक जळत होते, रबर रोलरवर काळ्या रेघा ओढत होतं. आणि मग हँडब्रेकची दांडी हलली. खट... खट... खट. वर, वर, आणखी वर, दोन हातांनी ओढल्यासारखी. तिच्यावर कुणाचाही हात नव्हता.

दोघांनी थांबवायचा प्रयत्न केला होता. दोघांनी मिळून.

"नेव!" योश्को ओरडला. तो रडत होता. "बघ! बघ पाय कुठाय त्याचा! बघ!"

"बंद कर!" नेव किंचाळला.

योश्कोनं किल्ली उलटी फिरवली. काही झालं नाही. किल्ली काढून हातात घेतली, तरी इंजिन गरजतच राहिलं.

"लाल बटण! भिंतीवर!" नेव ओरडत होता. "पट्टे तुटतील!"

रोलर थांबवायचं लाल बटण समोरच्या भिंतीवर होतं. त्याच्या सर्वांत जवळ डूगी होता. आणि हे सांगितलंच पाहिजे की तो पळाला नाही. सुजलेला डोळा, तुटलेलं नाक, तसाच उठला आणि गाडीच्या पुढून बटणाकडे धावला. दिव्यांच्या झोतात आला. हात पुढे केला.

योश्कोच्या डोळ्यांसमोर ब्रेक वर आला.

सावकाश. विचार करून उचलल्यासारखा. मग हँडब्रेकची दांडी हळूच खाली बसली.

योश्कोचा पाय गाडीच्या तळावरून उचलला गेला होता. ब्रेकपासून वीतभर अंतरावर, हवेत. एक क्षण होता. पूर्ण एक क्षण. समोर डूगीनं मान वळवली आणि काचेतून आत पाहिलं. योश्कोकडे नाही. त्याच्या डोक्याच्या वर, उंच माणसाचा चेहरा जिथे असेल तिथे. त्याचं तोंड उघडलं.

पट्टे गोळी सुटल्यासारखे तुटले. एक पट्टा नेवच्या हातावर बसला आणि हाड मोडलं. गाडी रोलरवरून उडाली. बॉनेटनं डूगीला कमरेत धरलं, उचललं आणि बटणासकट भिंतीत नेलं. पत्रा फाटला. लाकडी खांब मोडला. डूगीचा वरचा भाग बॉनेटवर आडवा झाला, हात पसरून, गाडीला मिठी मारल्यासारखा. खालचा भाग दिसत नव्हता. फाटलेल्या पत्र्यातून तांबडी धूळ आत ओतत होती आणि त्याच्या उघड्या डोळ्यांवर बसत होती. ते मिटले नाहीत.

इंजिन अजून चालू होतं. मग ते दोनदा गरजलं. व्रूम... व्रूम. आणि बंद पडलं.

बऱ्याच वेळानं नेव मोडका हात पोटाशी धरून खिडकीपाशी आला. धुळीनं त्याचं तोंड मडक्यासारखं झालं होतं. त्यानं डूगीकडे पाहिलं. मग योश्कोकडे. मग खाली, पेडलकडे.

"योश..." तो पुटपुटला. "तुझा पाय... तुझा पाय कुठं होता रे?"

योश्कोनं पाय सावकाश सीटखाली ओढून घेतला.

दिवे गेले होते. बॅटरी फुटून तिचं पाणी फरशीवर सांडलं होतं. गाडीत विजेचा थेंबही उरला नव्हता. तरी आवाज येत होता. टिंग... टिंग... टिंग. हळू, धीर धरून, कुणीतरी वाट बघत असल्यासारखा.

योश्को शेजारच्या सीटकडे वळला. तिच्यावरून हात लांब करून त्यानं दारापाशी लटकणारा पट्टा धरला, जपून, कुणाला लागू नये असा पुढे ओढला आणि रिकाम्या सीटवरून आडवा आणून खटक्यात बसवला.

आवाज थांबला.

पट्टा सीटला टेकला नाही. तो तिच्यापासून हातभर वर ताठ राहिला आणि अंधारात हळूच वर येऊ लागला, हळूच खाली जाऊ लागला.